आप्पांच्या यादीची वेबसाइट

सुरतमध्ये वेबसाइट करून घ्यायला आलेला माणूस आधी रंग सांगतो. कापडाचं गाव आहे, त्याला इलाज नाही. पर्वत पाटिया भागात माझं दीड खोलीचं ऑफिस आहे आणि आजूबाजूला सगळे साड्यांचे व्यापारी. एका शेठने तर खुर्चीत बसण्याआधी खिशातून कापडाची चिंधी काढून टेबलावर ठेवली होती. "दीपकभाई, आ कलर. बीजुं बधुं तमे जोई लेजो." बाकीचं सगळं मी बघून घ्यायचं. बाकीचं म्हणजे साइटवर काय असणार, ते कोण लिहिणार आणि नवा माल आला की कोण बदलणार. हे प्रश्न विचारले की गिऱ्हाईक मोबाइलमध्ये डोकं घालतं.

माझा धंदा खरं तर या प्रश्नांवरच चालतो. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर वेबसाइटला दोन अंगं असतात. एक, लोकांना दिसतं ते. दुसरं, मागची खोली, जिथून मालक स्वतः मजकूर टाकतो, फोटो बदलतो, जुनं काढतो. या मागच्या खोलीला 'कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम' म्हणतात. मराठीत 'आशय व्यवस्थापन प्रणाली' असा शब्द आहे, पण तो मी अजून कुणासमोर उच्चारायला धजावलो नाही. मी नुसतं 'यंत्रणा' म्हणतो.

सुरुवातीची काही वर्षं मी ही यंत्रणा स्वतःच लिहायचो. मोठी ऐट होती त्यात. माझ्याशिवाय तिची कळ कुणाला सापडायची नाही आणि गिऱ्हाईक माझ्याकडेच परत यायचं. त्या काळात पांडेसऱ्यातल्या एका दवाखान्याची साइट मी केली होती. पुढे माझे वडील गावी आजारी पडले, मी महिनाभर अमळनेरकडे होतो. इकडे डॉक्टरांनी दवाखान्याची वेळ बदलली, पण साइटवर ती बदलता येईना. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून सुटून आलेली माणसं साइटवरची वेळ बघून यायची आणि बंद दाराशी बसून राहायची. मी परत आल्यावर डॉक्टर रागावले नाहीत. "तू नव्हतास, दुसऱ्या कुणाला जमेना," एवढंच म्हणाले. मला फार लाज वाटली. त्यानंतर स्वतःची यंत्रणा लिहिणं मी बंद केलं आणि मुक्त स्रोताच्या यंत्रणांकडे वळलो.

मुक्त स्रोत म्हणजे काय, हे आमच्या लोकांना मी लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, सांगतो. एक लूम असा, की त्याचं झाकण फक्त कंपनीचाच माणूस उघडू शकतो. दुसरा असा, की झाकण उघडं आहे, आतलं सगळं दिसतं आणि गल्लीतला कुठलाही जाणकार तो दुरुस्त करतो. हा दुसरा लूम मुक्त स्रोताचा. असे 'लूम' पुष्कळ आहेत, पण माझ्या कामात तीन आले: वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल. पहिलं सोपं आणि सगळ्यांच्या ओळखीचं. तिसरं भारदस्त, त्यात हवी तशी रचना करता येते, पण रचणारा हुशार लागतो. दुसरं या दोघांच्या मधलं. कुठलंच वाईट नाही. वाईट असते ती निवड, आणि माझी सगळ्यात वाईट निवड आमच्याच समाजाच्या कामात झाली.

आमच्या खान्देशी समाजाचं सुरतमध्ये एक मंडळ आहे. त्याचे चिटणीस आप्पा. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये त्यांनी रंगाच्या खात्यात उभा जन्म काढला, आता निवृत्त होऊन नवागामला मुलगा-सुनेकडे राहतात. मंडळाची वधू-वर यादी आप्पा ठेवतात. नवागाम, डिंडोली, पांडेसरा, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथल्या लग्नाच्या मुलामुलींची नावं त्यांच्या वह्यांत असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमची निम्मी सुरत गावाकडे जाते. त्याआधी यादी छापून तयार व्हायची आणि माणसांबरोबर गावोगाव पोचायची.

एका वर्षी त्या छापील यादीची एक प्रत कुठे तरी भलत्या हातात पडली. एका मुलीला अनोळखी माणसांचे फोन सुरू झाले. फोटो बघून कुणी कॉलेजच्या दाराशी येऊन उभं राहायचं. त्या मुलीने कॉलेज सोडलं. आप्पा तिच्या घरी गेले, तिच्या आईसमोर बसले आणि म्हणाले, यापुढे कुठल्याच मुलीचा फोटो किंवा फोन माझ्या हातून समाजाबाहेर जाणार नाही. त्या वर्षापासून छपाई बंद झाली. यादी वह्यांतच राहिली आणि ज्याला हवी तो आप्पांच्या घरी येऊन वाचू लागला.

पण असं किती दिवस चालणार? मंडळाचे अध्यक्ष युवराजशेठ, बांधकामाचे ठेकेदार, त्यांना हे मागासलेलं वाटायचं. त्यांनी एक लग्नाचं पोर्टल चालवणारी कंपनी गाठली. सगळ्या वह्या त्यांना द्यायच्या, ते सगळं संगणकावर चढवणार, वर ॲप देणार. आखाजीच्या आधीच्या सभेत ठराव होणार होता. सहा महिने हातात होते. आप्पा माझ्या ऑफिसचे दोन जिने चढून आले आणि श्वास लागलेला असतानाच अहिराणीत बोलले.

"दीपक, त्या पोर्टलवालास्ले यादी देवानी नही. मी त्या मायले शब्द देयेल शे. तू काहीतरी कर."

"करतो आप्पा. आपली स्वतःची साइट करू. मुक्त स्रोताची."

"ते काय ऱ्हास?"

मी लूमचं उदाहरण दिलं. आप्पांना ते लगेच पटलं. बंद झाकणाच्या यंत्रांशी त्यांचं मिलमध्ये आयुष्यभर भांडण झालं होतं.

आता इथे माझी ऐट पुन्हा आडवी आली. समाजाचं काम, सगळे नातेवाईक बघणार, मग साधंसुधं कसं करायचं? मी सगळ्यात भारदस्त यंत्रणा निवडली. तीन महिने खपून तिच्यात वधू-वरांचा असा काही डोलारा उभा केला की विचारू नका. कूळ, देवक, गाव, तालुका, शिक्षण, उंची, मामांचं कूळ, मामांचं गाव, नोकरी, अपेक्षा. एकूण एक्केचाळीस रकाने. कुळाने शोधा, तालुक्याने शोधा, उंचीने शोधा. ज्याने त्याने स्वतःच्या घरून नाव नोंदवायचं, ओळख पटवायची आणि आत यायचं. दिसायलाही देखणी होती. युवराजशेठसुद्धा बघून "सारुं छे" म्हणाले.

आप्पांनी चष्मा कपाळावर नेऊन पडद्यात तोंड घातलं. "इतला रकाना? पोरना बाप भरी भरीसन दमी जाई."

मी हसलो. नवीन आहे, सवय होईल, असं म्हणालो. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात लबाड वाक्य आहे. काम चुकलं की आम्ही ते गिऱ्हाइकाच्या सवयीवर ढकलतो.

साइट सुरू झाली. पहिल्या पंधरवड्यात मुलांची नावं धो धो आली. बी.कॉम.वाले, डिप्लोमावाले, स्वतःच्या मोटरसायकलला टेकून उभे असलेले. मी खूश होतो. महिना झाला तेव्हा सहज मोजलं. मुलगे बासष्ट, मुली शून्य. एकही नाही. मला वाटलं, यंत्रणेत बिघाड आहे. दोन दिवस मी आतलं सगळं उचकून बघितलं. बिघाड नव्हता. शेवटी आप्पांच्या घरी गेलो आणि सांगितलं, मुलींची नोंद होत नाहीये, कुठे अडतंय ते सापडत नाही.

आप्पा खदखदून हसले. सुनेला हाक मारली, "वैशाली, इकडे ये. हाऊ काय म्हनस ते आइक." मग माझ्याकडे वळले. मुलीला आमच्याकडे 'आंडेर' म्हणतात.

"दीपक, तू आंडेरना बाप नही ना, म्हनीसन तुले समजनं नही. कोनता बाप सोता लिखी, मन्ही आंडेर लगीननी व्हयनी, देखाले या? मामा सांगस. तुन्ही बहीणनं कोनी जमाडं?"

"मामानी," मी म्हणालो.

म्हणालो आणि चूक लक्षात आली. माझ्या बहिणीच्या वेळी मामाच चार गावं फिरला होता. वडील घरात बसून होते. मुलीच्या बापाने स्वतः होऊन नाव पुढे करणं आमच्याकडे अजून अनेकांना कमीपणाचं वाटतं. ही रीत चांगली की वाईट हा वेगळा वाद आहे, आणि तो मी घरात घालतोही. पण ती आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. एक्केचाळीस रकान्यांत मामांचं कूळ विचारलं, मामांचं गाव विचारलं आणि मामाला आत यायला दारच ठेवलं नाही. बाहेरचा कुणी असता तर म्हणालो असतो, त्याला आपलं काय माहीत. मी तर त्यांच्यातलाच होतो.

सभेला दोन महिने उरले होते. तीन महिन्यांचं काम मी गुंडाळून ठेवलं. मनाला लागलं, खोटं कशाला सांगू. पण दोष त्या यंत्रणेचा नव्हता, बापडीला मी जे सांगितलं ते तिने चोख केलं होतं. या वेळी आधी शहाणपणा केला. पुढचे दोन रविवार आप्पांच्या ओट्यावर नुसता बसून राहिलो.

रविवारी सकाळी मामा लोक यायचे. कुणी लूमवरून, कुणी भाजीच्या गाडीवरून. मामा सांगायचा, आप्पा एका कच्च्या कागदावर लिहायचे, मग मोठ्याने वाचून दाखवायचे. "बी.ए. व्हयनी का, का शेवटलं वरीस शे?" मामा चाचरला की आप्पा कागद परत द्यायचे. नीट विचारून ये, पुढच्या रविवारी लिहू. सगळं पटलं की मगच वहीत उतरायचं आणि समोर लाल पेन्सिलीची खूण व्हायची. खूण झाली की नाव यादीत आलं. मी हे बघत होतो आणि मला कळत होतं की मी निवडायची ती यंत्रणा इथे दर रविवारी चालूच आहे. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, मग लोकांना दाखवायचं.

वर्डप्रेसमध्ये हे आयतंच मिळतं. तिथे माणसांना वेगवेगळ्या पायऱ्या देता येतात. त्यातल्या एका पायरीवरचा माणूस लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. त्याचं लिखाण वरच्या माणसाकडे तपासणीला जाऊन थांबतं. ती पायरी मी मामांना दिली आणि वरची आप्पांना. रकाने एक्केचाळीसवरून अकरावर आणले. मुलीच्या फोनच्या जागी मामाचा फोन. पत्ता, जन्मवेळ वगैरे आतली माहिती फक्त आप्पांना आणि मंडळाच्या समितीला दिसेल, आणि यादी उघडायची तर समाजाच्या सभासदालाच उघडता येईल. बटणांवरचे शब्दही बदलले. 'तपासणीसाठी पाठवा' आणि 'खूण करा'. आप्पांना दुसरं काही शिकवावं लागलं नाही.

एक अडचण राहिली. त्या खालच्या पायरीवरच्या माणसाला फोटो चढवता येत नाही, यंत्रणा मुळातच तशी आहे. ती परवानगी देणं मला दहा मिनिटांचं काम होतं. मी आप्पांना सांगितलं, एक छोटा जोड लावतो, मग मामा फोटोही टाकतील.

आप्पा एकदम ताठ बसले. "आते नही टाकता येत?"

"नाही."

"मंग तसंच ऱ्हाऊ दे. फोटो मन्हापान ऱ्हाई. ज्याले देखना व्हई तो घर येई, चहा पी, मंग फोटो."

मी जी उणीव भरून काढायला निघालो होतो तीच त्यांना हवी होती. जे मुळात करताच येत नाही ते चुकून व्हायची भीती नाही, एवढा साधा हिशोब. एरवी मी गिऱ्हाइकाला यंत्रणा काय काय करू शकते ते सांगत बसायचो. ती काय करू शकत नाही, हे विचारायला मी आप्पांकडून शिकलो.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. पोर्टल कंपनीचा तरुण माणूस मोठा पडदा घेऊन आला होता. त्याच्या साइटवर हळदीच्या रंगाची पार्श्वभूमी, सनई, हसणारी जोडपी. त्याच्यानंतर आमची साइट म्हणजे लग्नाच्या मांडवात रोजची साडी नेसून आलेली बाई. युवराजशेठ माझ्या कानाशी म्हणाले, "दीपकभाई, थोडं डेकोरेशन तरी करायचं." लोकांचा कल कुठे आहे ते दिसत होतं. माझ्या शेजारी आप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. वह्यांची पिशवी त्यांनी पायांमध्ये घट्ट धरली होती. ठराव उलटा गेला असता तर ती पिशवी त्याच दिवशी द्यायची होती.

मग ते उभे राहिले आणि त्या तरुणाला त्याच्याच भाषेत विचारलं, "बेटा, कल हम आपको छोड के गये, तो हमारी लडकियों के नाम आपके यहाँ से मिट जायेंगे?"

"अंकल, वो तो कंपनी की पॉलिसी देखनी पडेगी."

"और फोटो?"

"वो भी पॉलिसी में ही है, अंकल."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला भाषण येत नाही. मी लॅपटॉप उघडला, सगळ्यांसमोर पूर्ण यादी एका फाइलमध्ये बाहेर काढली, पेनड्राइव्हवर घेतली आणि तो आप्पांच्या हातात दिला. म्हणालो, "ही सगळी यादी. मी उद्या आवडेनासा झालो तर हे घेऊन दुसऱ्या कुणाकडेही जा. माझ्याकडचं पुसून टाका, माझी परवानगी लागणार नाही." मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उठून म्हणाली, "मन्ही भाचीनं नाव ह्या साइटवर शे, मन्हा भाऊनी टाकेल शे. त्या दुसरावर ऱ्हातं तर आम्ही टाकतच नव्हतो." नवी साइट सुरू झाल्यापासूनच्या काही आठवड्यांत सत्तावीस मुलींची नावं मामांच्या हातून आली होती. आमच्या बाजूने हात वर झाले. पोर्टलवाला पडदा गुंडाळून, सगळ्यांना नमस्कार करून, जेवून गेला. चांगला मुलगा होता.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. आप्पांची सून वैशाली समितीत आली आणि हळूहळू सगळं शिकली. यंत्रणा अद्ययावत करणं, प्रत काढून ठेवणं, सगळंच. मी मधूनमधून डोकावायचो. गेल्या वर्षी तिचा फोन आला.

"दीपकदादा, वाईट नका वाटून घेऊ. तुमचं खातं काढून टाकू का? मुलींची आतली माहिती समितीबाहेरच्या माणसाला दिसायला नको, आप्पांचा नियम आहे ना. तुम्ही समितीत नाही."

मला वाईट वाटलं. मीच बांधलेल्या घरातून मला बाहेर जायला सांगत होती, तेही इतक्या अदबीने. मग म्हणालो, काढ. संध्याकाळी गंमत म्हणून आत जायचा प्रयत्न केला, तर दार उघडेना. हसू आलं. तो दवाखाना आठवला आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

या वर्षी माझ्या बहिणीची मुलगी लग्नाची झाली. मामा मीच. वैशालीला फोन केला, तिने मला मामांच्या पायरीवरचं खातं दिलं. अकरा रकाने भरले, 'तपासणीसाठी पाठवा' दाबलं. तिसऱ्या दिवशी नोंद परत आली आणि पाठोपाठ आप्पांचा फोन.

"दीपक, उंची पाच-तीन लिखेल शे तू. पोर मन्हा डोळासमोर मोठी व्हयनी. पाच फूटले बी बोटभर कमी शे."

"आप्पा, दोन-चार बोटं सगळेच वाढवतात."

"सगळा मामास्ले मी परत धाडस. तुले बी धाडेल शे."

मी मुकाट्याने उंची खरी लिहिली आणि पुन्हा तपासणीसाठी पाठवली. वैशालीला म्हटलं, जरा लवकर बघायला सांग ना. ती म्हणाली, आप्पा ओळीनेच बघतात, तुमच्या आधी नऊ मामा आहेत.